पाठमोरं सांगितलेलं

दि. ९ जानेवारी

चि. दंतोपंतास,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, चार ओळींची चिठ्ठीच ती, आणि त्यातल्याही दोन मला लागल्या नाहीत. निदान दातांच्या डॉक्टरांचं अक्षर तरी बरं असेल अशी माझी भाबडी समजूत होती. मोबाइलवरच्या तुटक निरोपांनी माझं पोट भरत नाही, आणि व्हिडिओवर तुझे हात मनगटापासून पुढे दिसतच नाहीत. बहिऱ्या बहिणीशी बोलायचं तर कागद लागतो, हे मी शाळेच्या वसतिगृहात होते तेव्हापासून तुला ठाऊक आहे. तेव्हा पानभर तरी लिहीत जा.

यंदा माझ्याकडे पहिलीचा वर्ग आलाय. अकरा पोरं, सगळी माझ्यासारखीच ठार बहिरी, पण हातांचा असा कलकलाट की वर्गात वारा सुटतो. घरून येतात तेव्हा निम्म्यांना स्वतःला नाव असतं हेच माहीत नसतं. आई खांद्याला हात लावून बोलावते, संपलं. म्हणून पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाला एक खूण देते, तेच त्याचं नाव. भुवईवर चिरल्याचा वण असलेला पोरगा म्हणजे भुवईवरून फिरवलेलं बोट. सारखे मोजे वर ओढणारी पोरगी म्हणजे दोन बोटांची वर ओढलेली चिमट. आयुष्यात पहिल्यांदा कुणी नावाने हाक मारली की ती पोरं कशी बघतात, ते एकदा येऊन बघ. तुझंही नाव मीच ठेवलं होतं. गालात खुपसलेलं बोट, कारण तोंडात कायम गोळी. पुढे त्याच गोळीवर तू पोट भरायला लागलास, हा भाग निराळा.

तुझे दाजी मजेत आहेत. कारखान्यात खुर्च्यांचं मोठं काम आलंय. घरी येतात, अंगावरचा भुसा झटकतात आणि दिवसभराचं सगळं सांगायला बसतात. त्यांना लिहिणं-वाचणं सहीपुरतंच, त्यामुळे जे काही बोलायचं ते हातांनी. अठ्ठावीस वर्षं झाली, गप्पा काही संपत नाहीत. घरात ऐकू येणारी चिमणी एकटीच. ती म्हणते की बाकीच्यांचे आईबाप अंधारातसुद्धा भांडू शकतात, तुम्हाला मेलं भांडायलाही दिवा लागतो.

एक बारीकशी तक्रार आहे. सकाळी माझी बोटं आखडतात. तास-दीड तास मुठी उघडत नाहीत, मग हळूहळू सुटतात. दोन वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं होतं. ते म्हणाले की दिवसभर हातवारे करता, बोटं दमणारच, शेकत जा. शेकतेय आपली. पण आता दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजलीत आणि पोलक्याची बटणं चिमणीला लावून द्यावी लागतात. उगाच जिवाला लावून घेऊ नकोस.

पानभर पत्राची वाट बघणारी,
ताई


दि. १७ जानेवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

हे बघ, ओळी मोजून घे आणि अक्षरही. कंपाउंडरने विचारलं की डॉक्टर, आज कुणाला घाबरून लिहिताय.

चेष्टा पुरे. दोन्ही हातांची तीच ती बोटं सुजणं, सकाळचा तो तास, हे हातवाऱ्यांनी होत नाही. हातवाऱ्यांनी होत असतं तर बँडवाल्यांच्या हातांना कधीच कुलूप लागलं असतं. मी दाताचा माणूस, पण एवढं कळतं. ह्याच आठवड्यात सांध्यांच्या डॉक्टरांकडे जा. रक्त तपासायला देतील, ते लगेच दे. चिमणीला बरोबर ने. आणि डॉक्टरांना आधीच सांग की माझ्याकडे तोंड करून बोला. लोक हे विसरतात.

शेक थांबवला नाहीस तरी चालेल, पण शेकण्यावर राहू नकोस. दाजींना माझा नमस्कार सांग. त्यांनी केलेल्या स्टुलावर बसूनच हे लिहितोय, अजून एकही पाय कुरकुरत नाही.

कळवण्यात हयगय करू नये, एवढी विनंती.

तुझा,
दंतोपंत


दि. २० फेब्रुवारी

चि. दंतोपंतास,
अ. उ. आ.

आमवात आहे म्हणे.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. बोलताना मास्क खाली घेतात, अडलं की कागदावर लिहून दाखवतात. त्यांनी माझा एकेक सांधा अंगठ्याने दाबून बघितला, तुझे दाजी फळीतली गाठ चाचपतात तसा. आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्यात. शिवाय दर महिन्याला रक्त तपासायचं. अंगाचं रक्षण करणारी फौज उलटून माझ्याच सांध्यांवर चालून आलीय, असं त्यांनी समजावलं. सूज कमी होईल, दुखणं कमी होईल. पुढे त्या चिमणीकडे वळून काहीतरी बोलल्या. चिमणीने ते मला सांगितलं नाही. पण मी ओठांवरून वाचलं होतं. जी बोटं तिरकी झालीत ती सरळ होणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. चिमणीला वाटतंय की मला माहीत नाही. मीही तसंच राहू दिलंय.

आता गंमत ऐक. हात बघून झाल्यावर बाई म्हणाल्या, आ करा. मला वाटलं दुसऱ्याच कुणाचे कागद त्यांच्या हाती आलेत. त्यांनी विचारलं की दात घासताना रक्त येतं का. येतं की, कितीतरी वर्षं येतं. मागचे दोन दात हलतातसुद्धा. मग विचारलं की कुणा दातांच्या डॉक्टरांनी कधी काही सांगितलं नाही का. मी मोठ्या ऐटीत चिमणीकडून सांगवलं की माझा सख्खा भाऊच दातांचा डॉक्टर आहे. बाई हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. कागदावर त्यांनी लिहिलं: हिरड्यांवर आधी उपचार करा, त्याचा सांध्यांशी संबंध असू शकतो.

तर दंतोपंत, दाताचा आणि बोटाचा संबंध काय? माझ्या पहिलीच्या पोरांना कळेल असं लिही.

उत्तराला उशीर न करणाऱ्या भावाची,
ताई


दि. ११ मार्च

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

उशीर झाला. का झाला ते खाली येईल.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. दात आणि हिरडी यांच्यात एक बारीक फट असते. ती नीट साफ झाली नाही, तिथे कीटण साचलं, की फट खोल होत जाते, तिचा खिसा होतो. त्या खिशात हवा पोचत नाही, आणि हवा न मानवणारे जंतू तिथे बिऱ्हाड थाटतात. त्यांतला एक मोठा बेरकी आहे. तो आपल्या शरीरातल्या घटकांची ठेवण किंचित बदलतो. पहिलीच्या पोरांना सांगायचं तर, घरातल्याच माणसाच्या नावाची खूण जरा वाकडी करून ठेवतो. शरीर त्याच्याकडे बघतं, ओळखत नाही, आणि त्याच्यावर सोडायला हत्यारं तयार करतं. हिरडीतून रक्त येत असतं, त्याच वाटेने जंतूही आत शिरतात. ही हत्यारं सांधे सुजण्याआधी कित्येक वर्षं रक्तात फिरत असतात. पुढे केव्हातरी ती सांध्यांवर चालून जातात. तुझ्या रक्तात सापडली ती हीच.

हे सगळं शंभर टक्के सिद्ध झालंय असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या हिरड्या खराब, त्यांच्यात आमवात जास्त दिसतो, एवढं खरं. पण घराण्यातून आलेली अंगाची घडण असते, विडी-सिगारेट असते, आणि अजून कुणालाच न कळलेली कारणं असतात. हिरड्या कुजून गेलेल्या आणि हातांनी पोती उचलणारी माणसं माझ्या खुर्चीत रोज बसतात. सगळं खापर हिरड्यांवर फोडता येत नाही.

इथे पत्र संपवलं असतं तर मी शहाणा ठरलो असतो. पण तुझं पत्र आल्यावर मी दवाखान्यातली जुनी कार्डं काढली. नऊ वर्षांपूर्वी, दवाखाना उघडल्याच्या दुसऱ्या आठवड्यात, तू आली होतीस. पहिल्या पंचवीस पेशंटांतली एक. कार्डावर माझ्या अक्षरात लिहिलंय: हिरड्यांतून रक्त. मागे दोन्हीकडे खोल खिसे. उपचार आवश्यक, चार ते सहा भेटी. पेशंटला सांगितले.

पेशंटला सांगितले. खाली माझी सही.

कसं सांगितलं ते मला आठवतंय, ताई. मी बेसिनपाशी हात धूत होतो. तुझ्याकडे पाठ होती आणि तोंडावर मास्क होता. आख्खं सांगून झाल्यावर मी वळलो. तू मान डोलावलीस. मी कार्डावर लिहिलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आपल्या घरात तुझी भाषा शिकलेला मी एकटा. आणि मी तुला पाठमोरं सांगितलं.

त्यानंतर दरवेळी तुझ्या घरी आलो, जेवलो, झोपलो, दाजींशी पत्ते खेळलो. एकदाही विचारलं नाही.

काय लिहू?

तुझा,
भाऊ


दि. २ मे

चि. भावास,
अ. उ. आ.

तुझं पत्र येऊन सात आठवडे झाले. हात दुखत होते म्हणून लिहिलं नाही. हे निम्मंच खरं.

मला तो दिवस चांगला आठवतो. दारावर नवी पाटी होती आणि खुर्चीवरचं प्लॅस्टिकसुद्धा तू काढलं नव्हतंस. तू पाठ करून उभा होतास, तुझे खांदे हलत होते, म्हणजे तू बोलतोयस इतकं कळलं. मग वळलास. डोळे हसरे, खाली मास्क. मी मान डोलावली.

ती मान कशी असते ते आज तुला सांगते, कारण ऐकू येणाऱ्यांना ती माहीत नसते. बहिऱ्या पोराला ती पाचव्या वर्षीच जमते. एकदा विचारलं की लोक पुन्हा सांगतात. दुसऱ्यांदा विचारलं की तोंड फाकवून सांगतात. तिसऱ्यांदा विचारलं की त्यांचा चेहरा बदलतो. तो चेहरा बघायला लागू नये म्हणून मान डोलवायची. दुकानात, बँकेत, बसमध्ये मी ती रोज डोलावते. तुझ्यासमोर कधी डोलावली नव्हती. त्या दिवशी डोलावली, कारण बाहेर बाकावर माणसं होती, तुझा पहिलाच महिना होता, आणि तू इतका खुशीत होतास की मला अडाणी बहीण दिसायचं नव्हतं. तेव्हा चूक माझीही आहे, असं तू म्हणशील. तू म्हणणार नाहीस. मीच म्हणते. दिवसातून चारदा म्हणते, पण पटत नाही.

लहानपणी जेवताना सगळे हसायचे आणि मी तुझी बाही ओढायचे. तू खुणेने सांगायचास की नंतर सांगतो. तू दहा वर्षांचा होतास, तोंडात घास होता, त्याचा राग नाही. दुसऱ्या कुठल्या डॉक्टरने पाठ केली असती तर चार शिव्या हासडून मी विसरलेही असते. तुझं विसरता येत नाही, कारण तुला येत होतं.

आणखी एक सांगायचंय. गेल्या रविवारी जेवताना मी ह्यांना काहीतरी सांगत होते. आता माझा अंगठा करंगळीपर्यंत पोचत नाही, तर्जनी तिरकी जाते, आणि मधलं बोट मनाला येईल तिथे. तोंडात चार घास कोंबून बोलावं तसे माझे हात बोलतात. हे बघत राहिले, बघत राहिले, आणि त्यांनी मान डोलावली. तीच मान. अठ्ठावीस वर्षांत आम्ही दोघांनी ती आख्ख्या जगाला दाखवली, पण एकमेकांना नाही. मी टेबलावर मूठ आपटली. जीव कळवळला इतकं दुखलं. त्यांना म्हटलं की कळलं नाही तर पुन्हा विचारा, शंभरदा विचारा, पण ही मान मला दाखवू नका. ते रडले. मग डोळे पुसून त्यांनी विचारलं. सातव्या खेपेला त्यांना कळलं. शाळेच्या नळाला पाणी येत नाही, एवढंच मी सांगत होते.

आज लोभाचं काही लिहीत नाही.

ताई


दि. ९ मे

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी येतोय, आठ दिवसांसाठी. तिथल्या एका मित्राचा दवाखाना दुपारी रिकामा असतो, तो त्याने मला दिलाय. हत्यारं माझी आणतो. चेहऱ्यापुढे पारदर्शक पडदा लावीन, म्हणजे तोंड दिसेल. तुझ्या डॉक्टरीणबाईंना कळवलंय, त्यांनी होकार दिलाय.

माफ कर म्हणायला येत नाही, काम करायला येतोय. शिव्या असतील त्या साठवून ठेव, समोर दे. तेवढ्या खुणा मला अजून येतात.

तुझा,
भाऊ


दि. ३ जुलै

चि. दंतोपंतास,
अ. उ. आ.

अक्षर चिमणीचं आहे, घाबरू नकोस. मी खुणा करते, ती लिहिते. (मामा, आई भराभर सांगते आणि मी हळू लिहिते म्हणून डोळे वटारते. चिमणी.)

हिरड्यांतून रक्त येणं थांबलं. काढलेल्या दोन दातांची जागा भरून आलीय. सकाळी तोंडात जी घाण चव असायची ती गेली. इतकी वर्षं मला वाटायचं की सगळ्यांच्याच तोंडाला सकाळी तशी चव असते. नव्या तपासणीत सूजही बरीच उतरलीय. बाईंना विचारलं की हे गोळ्यांमुळे की दंतोपंतांमुळे. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही, दोघांनाही श्रेय देऊन टाका. मी तुला चार आणे देते.

तुझ्या मित्राला मात्र तू दहा वर्षं हसायला पुरेल इतका मसाला दिलास. अर्ध्या मिनिटाचं काम करायचं, हत्यार खाली ठेवायचं, हातमोजे काढायचे, आता काय करणार ते खुणेने सांगायचं, नवे हातमोजे चढवायचे. आणि तुझ्या खुणांना किती गंज चढलाय रे! सुई टोचतो म्हणायचं सोडून, तुझं लग्न लावतो म्हणालास. ह्यांना सांगितलं तर खुर्चीवरून पडायचे बाकी होते.

आता शाळेचं. पोरं दुसरीत गेली, वर्ग माझ्याकडेच राहिला होता. गेल्या आठवड्यात मोजेवालीला मी फळ्याशी बोलावलं. उठला तो भुवईवाला. मी नको म्हटलं, पुन्हा खूण केली. मग दोघंही उठली आणि एकमेकांकडे बघत उभी राहिली. चिमट माझ्याच्याने मिटत नाही. माझ्या हातातून आता दोघांचीही नावं सारखीच निघतात. मी वर्गभर एकेकाला हाक मारून बघितली. अकरांतली चार नावं उरलीत, बाकीची नुसतीच हालचाल. पोरं हसली नाहीत. ती मान डोलवायला लागली.

त्याच दुपारी मी मोठ्या बाईंकडे गेले आणि वर्ग सोडते म्हणून लिहून दिलं. कुणी मला काढलं नाही, हे तुला नीट कळावं म्हणून लिहिते. आता पुस्तकांच्या खोलीत बसते, शिक्के मारते. शिक्क्याला ह्यांनी जाडजूड लाकडी मूठ बसवून दिलीय, ती धरता येते. नव्या बाई तरुण आहेत, त्यांचे हात अगदी स्वच्छ बोलतात. मी दाराच्या काचेतून बघते.

अधूनमधून आठवण ठेवणाऱ्या भावाची,
ताई


दि. १४ ऑक्टोबर

ति. मामास,
सा. न. वि. वि.

तू दोन दिवस राहून गेलास, पण बाबांचं शेवटचं तुला नीट सांगायचं राहिलं. लिहून बघते.

कारखान्यातून निरोप आला तेव्हा मी कामावर होते. छातीत कळ येऊन बाबा रंधा मारता मारता खाली बसले. मी आणि आई पोचलो तोवर त्यांना आतल्या खोलीत नेलं होतं आणि आम्हाला तासभर सोडलं नाही. सोडलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाला बांधलेले होते. नर्स म्हणाली की पेशंट फार तडफडत होता, हात झाडत होता, नळ्या निघाल्या असत्या. मामा, ते बोलत होते. तासभर ते आईला बोलवा म्हणून सांगत होते आणि म्हणून त्यांचे हात बांधले. मी ओरडले. आईला माझा आवाज ऐकू आला नाही, पण माझं तोंड बघून ती मध्ये पडली आणि तिच्या त्या बोटांनी पट्ट्या ओढायला लागली. तिला त्या सुटेनात. शेवटी नर्सनेच सोडल्या, ती बिचारी पुन्हा पुन्हा चुकलं म्हणत होती.

उजव्या हातात सुई होती, म्हणून बाबा दोन दिवस एका हाताने बोलले. आई दोन्ही हातांनी, पण तिचे हात कसे ते तुला माहीतच आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी आईने मला तोंड फिरवायला सांगितलं. आमच्या घरात खासगी बोलायचं तर असंच बोलतात, तिसऱ्याने पाठ करायची. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मी दुभाष्याचं काम करू का, असं विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

काचेत थोडं दिसत होतं. आईचं दिसत नव्हतं, बाबांचा डावा हात तेवढा दिसत होता. आई काहीतरी सांगायची आणि तो हात पुन्हा सांग म्हणायचा. पुन्हा. पुन्हा. मी मोजलं नाही, पण वीसएक वेळा तरी. त्यांना श्वास पुरत नव्हता, तरी ते पुन्हा म्हणत होते. एकदाही त्यांनी कळल्याचं सोंग केलं नाही. मग तो हात थांबला आणि मला वाटलं की संपलं. मी वळले. दोघं हसत होती. अगदी हसत होती, मामा.

संध्याकाळी पाचच्या सुमारास ते गेले.

तेव्हापासून आईचे हात मांडीवरून उठलेले नाहीत. तू आलास तेव्हाही उठले नाहीत, ते तू मनाला लावून घेऊ नकोस. माझ्याशीही तेच आहे. गोळ्या वेळेवर घेते, दात घासते, जेवते. पण बोलत नाही.

लक्ष असू दे आमच्याकडे.

तुझी,
चिमणी


दि. २ नोव्हेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराची अपेक्षा न धरता लिहितोय.

तुझ्या घरातल्या त्या दोन दिवसांत मी तुझ्यासमोर बसून होतो आणि तू माझ्याकडे एखाद्या परक्या बाईसारखी बघत होतीस. ते मला पोचलं.

नऊ वर्षांपूर्वी मी तुझ्याकडे तोंड करून बोललो असतो, तर तुझे हात वाचले असते का? हा प्रश्न मी तुझ्या डॉक्टरीणबाईंना विचारला, माझ्या जुन्या प्राध्यापकांना विचारला, पुस्तकांना विचारला. सगळे एकच सांगतात: कदाचित. कदाचित हो, कदाचित कशानेच काही झालं नसतं. मला ठाम नकार चालला असता आणि ठाम होकारही चालला असता. हे कदाचित घेऊन रोज सकाळी दवाखान्याचं कुलूप उघडायचं, हे कठीण जातंय.

मोठं असं काही केलेलं नाही. हात धुताना बोलत नाही, एवढंच. आधी धुतो, मग समोर बसतो, मास्क काढतो आणि सांगतो, ऐकू येणाऱ्यांनासुद्धा. त्यांना काय कळलं ते त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. लोकांना वाटतं की डॉक्टर म्हातारे झाले.

तू मला माफ केलंस का, हे विचारायचा मला हक्क नाही. तरी विचारतोय.

तुझा,
भाऊ


दि. १९ डिसेंबर

चि. भावास,
अ. उ. आ.

हे अक्षर माझं आहे. चार दिवस लागले, म्हणून ओळी वरखाली झाल्यात. चिमणी लिहून देते म्हणाली होती, पण हे तिच्या हातून जायला नको होतं.

दवाखान्यात मी ह्यांना काय सांगितलं, ते चिमणीने विचारलं. तूही मनात विचारलं असशील. ते सांगणार नाही. फक्त इतकंच की त्यांना कळलं. सगळं कळलं.

चिमणी माझी भाषा छान बोलते. पाळण्यात असल्यापासून बोलते. पण तिच्या डोक्यात शब्द आवाजाने येतात आणि मग ती ते हातांवर आणते, हे मला दिसतं. ह्यांना स्वप्नंसुद्धा हातांतच पडायची. झोपेत बोलायचे, मी बघायचे. आता ह्या घरात तसं कुणी नाही. स्वयंपाकघरात एकटी असले की मी अजून त्यांना सांगत असते, आज शाळेत काय झालं, नळ आला का, कुठल्या पोराने पुस्तक फाडलं. हात वाकडेतिकडे निघतात. पुन्हा सांग असं कुणी म्हणत नाही.

तू विचारलंस, तर खरं तेच लिहिते. सकाळी उठल्यावर तासभर माझी बोटं उघडत नाहीत. गोळ्यांनी तास कमी झाला होता, ह्यांच्यामागे पुन्हा वाढला. मी खिडकीशी बसते, मुठी मांडीवर ठेवून. त्या तासात मला तुझं बेसिन दिसतं, हलणारे खांदे दिसतात, आणि मी तुला माफ करत नाही. प्रयत्न करून बघितला, होत नाही. मग बोटं एकेक करून सुटतात. त्यानंतर आख्खा दिवस पडलेला असतो, आणि त्या दिवसात तू माझा भाऊ असतोस.

हे पत्र मी चारही दिवस दुपारी लिहिलं.

आहे ती माया तुटू देऊ नकोस.

ताई